माटोळीचं पोतं

माझं अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळलं नाही. त्याबद्दल माफी असावी. शाळा चौथीपर्यंतच झाली. नंतर हातात पेन आलं ते सही करायला तेवढंच. आता तर काजूच्या टरफलाच्या तेलाने उजव्या हाताची दोन बोटं जळून कडक झाली आहेत, पेन घट्ट धरता येत नाही, म्हणून ओळी खाली उतरतात. लेकीच्या दहावीच्या वहीची मागची पानं कोरी होती. त्यांत लिहिते आहे.

गणपतीच्या चवथीच्या आदल्या दिवसाचं आधी लिहिते. ते लिहिल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

मी दहा वर्षांची होते. डिचोलीतलं घर. पुढच्या सोप्यावर पाहुणे बसले होते, मुंबईहून आलेले. काकीची धाकटी जाऊ, तिचा नवरा, दोन मुलं. काकी म्हणजे त्या घरची मालकीण. मला तिला काकी म्हणायला शिकवलं होतं. मी ट्रेमधून चहाचे कप नेत होते. तेवढ्यात फाटक वाजलं आणि एक माणूस आत आला. डोक्यावर पोतं. कमरेला गुंडाळलेलं मळकं धोतर, उघडं अंग, गुडघ्यापर्यंत चिखल. अंगणाच्या कडेला येऊन तो उभा राहिला. पोतं कुठे ठेवायचं ते कोणी सांगेना, म्हणून ते तसंच डोक्यावर.

पोत्यात माटोळीचं सामान होतं. चवथीला आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडाची चौकट टांगतात आणि तिला रानातली फळं, वेली, पानं बांधतात. तीच माटोळी. कवंडळाची लाल गोल फळं, वाळल्यावर वाजणाऱ्या घागऱ्या, कांगलांचे घोस, केवणीचे दोर. ज्यांना रान माहीत आहे त्यांनीच हे आणायचं. बाकीचे विकत घेतात.

पाहुण्यांची मुलगी माझ्याच वयाची. तिने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मम्मी, बघ ना. ह्याचं नाक आणि हिचं नाक सेम आहे."

सगळे हसले. जाऊ हसता हसता थांबली. कप तिने खाली ठेवला.

"काय गो वहिनी, ही खंयची? तू म्हणाली होतीस कुळातली म्हणून."

"कुळातलीच," काकी म्हणाली. "आवय-बापूय मेलीं तिचीं." मग माझ्याकडे वळून, "तूं ह्या मनशाक वळखता गो?"

मी म्हणाले, "ना."

एवढंच. एक अक्षर. मी पुढचा कप उचलून दिला.

पाहुण्याने गंमत म्हणून त्याला विचारलं, "काय रे, तुझी कोण लागते ही?"

तो हसला. पोत्याखाली मान वाकडी झाली होती, तसाच हसला.

"कोण नाय, सायबा. आमची पोरां खय अशी? ही मोठ्या घरची."

पुन्हा सगळे हसले. "हुशार आहे हो," पाहुणा म्हणाला.

तो माझा बाप होता.

लोक आम्हाला वानरमारे म्हणतात. आम्ही स्वतःला काय म्हणायचो ते मला आठवत नव्हतं. आमची भाषा वेगळी होती, तीही गेली. त्या घरात पहिल्या दोन वर्षांतच गेली. आई स्वप्नात आली तर तीसुद्धा कोंकणीत बोलायची, आणि आईला कोंकणी येत नव्हती.

मी सहा वर्षांची असताना बापाने मला तिथे आणून सोडलं. दोडामार्गच्या बाजूच्या रानातून आम्ही चालत आलो. आई झोपडीत आजारी पडून होती. मागच्या परसात, नारळाच्या आळ्यापाशी, त्याने मला उभं केलं आणि आमच्या भाषेत काहीतरी सांगितलं. शब्द गेले. हात आठवतो. एका हाताची पाच बोटं आणि दुसऱ्या हाताचा अंगठा. सहा. मला वाटलं, माझं वय सांगतो आहे. मी पण त्याला सहा बोटं दाखवली. तो गेला.

माझं नाव बदललं. आधीचं नाव इथे लिहीत नाही. ते आता माझ्याजवळ आहे, तेवढं पुरे.

अशा मुलाला तिकडे पोसकें म्हणतात. पोसलेलं. मोठ्या घरांतून ही रीत होती. गरिबाचं पोर घरात घ्यायचं, जेवायला-ल्यायला घालायचं, आणि पोराने हाताखाली राहायचं. बाहेर सांगताना 'आमचें पोसकें' म्हणायचं. ऐकणाऱ्याला बरं वाटतं. मी न्हाणीघराशेजारच्या खोलीत लाकडांजवळ झोपायचे. माझं जर्मनचं ताट वेगळं होतं, ते दगडावर पालथं असायचं, घरातल्या ताटांना त्याने शिवायचं नाही. पण घरातली ताटं घासायची मीच. ह्यात काय तर्क आहे ते मला अजून कळलं नाही. देवाच्या खोलीत मला जायची बंदी. लहान पोरं मोडतोड करतात म्हणून, असं पाहुण्यांना सांगायचे. त्यांची स्वतःची पोरं आत लोळायची.

शाळेत मात्र घातलं. हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. काका म्हणजे काकीचे यजमान बरे होते. त्यांनीच घातलं. शाळा मला आवडायची. बाई पाढे म्हणायला मला उभी करायच्या. तिथे माझं ताट वेगळं नव्हतं, कारण तिथे कोणाला माहीतच नव्हतं.

काकीने बजावून ठेवलं होतं. "वानरमाऱ्याचें पोर आमच्या आयदना-भांड्यांक हात लायता हें लोकांक कळ्ळें जाल्यार आमचें उदक कोण पियेतलो? कोणेंय विचारल्यार सांग, आवय-बापूय मेलीं. ना जाल्यार शाळा बंद."

त्याआधीची तीन वर्षं बाप परसाच्या बाजूने यायचा. काका पोतं उतरवून घ्यायचे. मी जनेलातून बघायचे. एकदा त्याने गजांतून हात घालून कांगलांचा घोस मला दिला होता. फळं फुटून आतलं केशरी बी दिसत होतं. काकीने माझे हात साबणाने दोनदा धुवून घेतले. त्या चौथ्या वर्षी मात्र परसाच्या वाटेवर चुन्याचं आणि रेतीचं काम चाललं होतं, वाट अडली होती. म्हणून तो पुढून आला. एवढंच कारण. रेतीचा ढीग नसता तर मला कोणी विचारलंच नसतं.

मी "ना" म्हणाले ते शाळेसाठी.

संध्याकाळी त्याने आणलेलं सगळं गणपतीच्या डोक्यावर चढलं. दारातून मला कवंडळं दिसत होती. पाहुणे म्हणाले, ह्या वर्षीची माटोळी फार छान झाली.

पुढच्या जूनमध्ये शाळा बंद झाली. काकीची मुलगी बाळंतपणाला आली होती, घरात माणूस पाहिजे होतं. मी पाचवीचं पुस्तक मागितलं तर काकी म्हणाली, "चवथी जाली न्हय? सही करूंक येता न्हय?"

बाप त्यानंतर आला नाही. पुढची चवथ आली, सामान बाजारातून आलं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. मी काकीला विचारलं नाही. विचारायचं तरी काय? पण चवथीच्या आदल्या दिवशी मी फाटकाकडे सारखी बघायचे, ते तिच्या लक्षात आलं असणार.

ती म्हणाली, "कोणाची वाट पळयता? विकून गेला तो तुला. सहाशे रुपये घेऊन. पिऊन मोकळा झाला असेल."

मी बारा वर्षांची होते. ते मी धरून ठेवलं. खरं सांगायचं तर मला त्याने थोडं बरंच वाटलं. त्याने मला विकलं असेल, तर मी त्याला ओळखलं नाही ते काही मोठं नाही. फिटंफिट. असा विचार मी किती वर्षं केला. भांडी घासताना, काकीचे पाय चेपताना, लग्नात सुद्धा. माझ्या बाजूने कोणी नव्हतं, काकांनीच कन्यादानाचं पाणी सोडलं. मी मनात म्हटलं, ज्याने विकलं त्याला कशाला बोलवायचं.

पण तो जात नव्हता. तो यायचा. मी काम करते त्या कारखान्यात काजूची पोती घेऊन हमाल येतात. एखादा दारात उभा राहतो, पोतं डोक्यावर, कुठे टाकू म्हणून बघत. माझे हात थांबतात. शेजारची म्हणते, "काय गो, भूत बघितलंस?" बसस्टँडवर, देवळाच्या पायरीशी, सुर्ल्याच्या रस्त्यावर, कुठेही. कोणी माणूस ओझं डोक्यावर घेऊन उभा असला आणि ते उतरवायला कोणी सांगत नसलं, की माझ्या तोंडात ते एक अक्षर येतं. वाईट चव येते. मी थुंकून टाकते.

लग्न एकोणिसाव्या वर्षी झालं. नवरा सावंतवाडीकडचा, सुर्ल्याला खाणीवर टिपर चालवायचा, तिथेच आम्ही राहतो. सासरच्यांनाही कुळातली मुलगी म्हणूनच सांगितलं होतं, असं मी समजत होते. मी कधी तोंड उघडलं नाही. खाणी बंद पडल्या, टिपर उभे राहिले, मग तो मिळेल ती गाडी चालवायला लागला. मी काजूच्या कारखान्यात लागले. एकच लेक. हुशार आहे. दहावीला चांगले मार्क पडले.

ह्या जूनमध्ये दादा घरी आला. दादा म्हणजे काकीचा मुलगा. काका कधीच गेले. घर आता त्याचं. गाडी रस्त्यावर लावून तो आमच्या ओटीवर बसला आणि लेकीकडे बघून म्हणाला, "बरी वाढली गो."

मग कामाचं बोलला. काकी आता अंथरुणाला खिळली आहे. बाई ठेवली तर टिकत नाही. "तुझ्या मुलीला आमच्याकडे पाठव. बारावीपर्यंत डिचोलीलाच शिकेल. राहणं-जेवण आमच्यात. बसचे पैसे वाचतील. आईचं थोडं बघेल. घरचीच ती, परकी काय?" आणि उठताना, "आईने तुला पोसली. हे विसरणार नाहीस म्हणा."

मी म्हणाले, "चवथीला पाठवते."

कबूल झाले. हे लिहायला मला लाज वाटते. त्याने सांगितलं आणि माझं डोकं आपोआप खाली गेलं, तेरा वर्षं जसं जात होतं तसं. नवरा म्हणाला, "बघ बाबा, तुझा तू ठरव." लेकीने आपल्या वह्या एका पिशवीत भरायला घेतल्या, रोज थोड्या थोड्या. ती पिशवी भिंतीशी उभी असायची. मी तिच्याकडे बघत नसे.

चवथ चार दिवसांवर आली तेव्हा दादाचा फोन.

"पोरीला पोहोचवायला येशील तेव्हा माटोळीचं सामान घेऊन ये. बाजारवाले लुटतात. तुला कळतं त्यातलं. तुमचंच ते."

तुमचंच ते, असं म्हणाला. पहिल्यांदा कोणी मला तोंडावर तुमचं म्हणालं. आणि हसला.

डिचोलीत चवथीच्या आधी रस्त्याच्या कडेला माटोळीचा बाजार भरतो. इतकी वर्षं मी त्या दिवसांत त्या रस्त्याने जात नसे, स्टँडवरून वळसा घालायचे. ह्या वेळी गेले. लेकीला बरोबर घेतलं. फाटलेल्या साड्या, गोणपाटं अंथरून बायका बसल्या होत्या. कवंडळं, घागऱ्या, सुपारीची शिंपटं, सगळं ओलं. वास तोच. लेक विचारत होती, हे काय, ते काय, आणि मी सांगत होते. सांगताना मलाच नवल वाटत होतं की मला नावं येत आहेत.

एका म्हातारीसमोर लेक वाकली. म्हातारीने तिचं मनगट धरलं. घट्ट. आणि एक नाव घेतलं.

ते नाव मी तीस-पस्तीस वर्षांत ऐकलं नव्हतं. ते माझ्या आईचं नाव होतं.

"सोड गो आजी, काय करतेस?" लेक हसत म्हणाली.

म्हातारी सोडेना. मग तिने माझ्याकडे पाहिलं. आमच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलली. मला एक शब्द कळला नाही. मी म्हणाले, "मला येत नाही." तेव्हा ती मालवणीत बोलायला लागली.

"तू तिची पोर? डिचोलीत ठेवललेली?"

"होय."

"मी तुझ्या बापाशीची भयण. तुझी आत्या."

मग म्हणाली, "बस." गोणपाटाची कड तिने झटकून दिली. मी रस्त्यावर बसले. लेकही बसली. लोक आमच्या अंगावरून भाव विचारत जात होते.

"तुझ्या बापसान लय वाट बघली तुझी," आत्या म्हणाली.

माझ्या तोंडातून आलं, "विकलं त्याने मला."

"कोणी सांगल्यान?"

"त्यांनीच."

ती बाजूला थुंकली. "विकूक तू काय बकरी? तुझी आवस आजारी पडली. औषधाक म्हणान सहाशे घेतल्यान त्या घराकडसून. तो म्हणालो, पोर ठेवतंय तुमच्याकडे. दर चवथीक एक पोता माटोळी आणतंय. पोत्यामागे शंभर कापा. सहा चवथी झाले काय पोर माझी घेऊन जातंय. आवस काय वाचली नाय तुझी. पण बोलणा झाला तां झाला. पोत्यासाठी आठ-आठ दीस रान फिरा तो."

सहा बोटं. मी माझ्या हाताकडे बघत राहिले.

"चार पोती दिल्यान," आत्या सांगत होती. एका गिऱ्हाइकाला तिने मधेच घागऱ्यांचा भाव सांगितला, तो पुढे गेला. "चौथ्या पोत्याक गेलो आणि परत इलो तो गप. जेवलो नाय. म्हणालो, पोर आता मोठ्या घरची झाली. शाळेत जाता. माका वळखूक नाय, तां बरांच झाला. हय आणून काय खावक घालू तिका? मगे गेलोच नाय. पण दर चवथीक तो म्हणा, दोनशे रवले. दोनशे रवले हत. मरेपर्यंत तां एकच."

"कधी गेला?"

"लय वर्सां झाली."

मला गप्प बसता आलं असतं. तिला काही ठाऊक नव्हतं. लेकीलाही नव्हतं. पण मी म्हणाले, "आत्या, मी ओळखलं होतं त्याला. ओळखून ना म्हटलं."

आत्याने केवणीचे दोर उचलले, सारखे केले, पुन्हा ठेवले.

"तां ठावक होतां त्याका," ती म्हणाली.

तिने माझी समजूत काढली नाही. मीही काढून घेतली नसती. मी विचारलं, "आपण स्वतःला काय म्हणतो?" ती म्हणाली, "काथोडी." आणि माझं नाव सांगितलं. लेकीने ते दोनदा म्हणून बघितलं.

सामान घेतलं नाही. बसमध्ये लेक खिडकीकडे तोंड करून बसली होती. सुर्ल्याचा फाटा जवळ आल्यावर म्हणाली, "आई, मी तिथे कुठे झोपणार होते?"

मी म्हणाले, "न्हाणीघराशेजारी."

घरी आल्यावर तिने पिशवीतल्या वह्या काढून फळीवर लावल्या. मी नवऱ्याला सांगायला बसले. म्हणाले, मी कुळातली नाही, मी वानरमाऱ्याची, काथोड्याची. लग्नात फसवणूक झाली तुमची. तो विडी पेटवत होता.

"माका ठावक होता," तो म्हणाला. "काकानीच सांगितलेला, लग्नाच्या आधी. कोणाकडे बोलू नको म्हणालले."

"मग तुम्ही मला कधी बोलला नाहीत?"

"माका वाटला, तुका ठावक नाय. उगाच कशाक दुखवू?"

इतकी वर्षं आम्ही दोघं एकाच छपराखाली तेच एकमेकांपासून लपवत होतो. मला हसू आलं. मग दुसरंच आलं, ते लिहीत नाही.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी मी डिचोलीला गेले. एकटी. हातात पोतं नाही, पोरगी नाही. पुढच्या फाटकाने आत शिरले तर वहिनी, दादाची बायको, सोप्यावरूनच म्हणाली, "आलीस? बरं झालं. भांड्यांचा ढीग पडलाय. मागून ये गो, इथे पाहुणे बसलेत."

मी पुढूनच चढले. काकीची खाट पुढच्या खोलीत आणून ठेवली होती, तिला गणपती दिसावा म्हणून. माटोळी बाजारातली होती. बांधणाऱ्याला बांधता आली नव्हती, कवंडळं एका बाजूला लोंबत होती.

दादा बाहेर आला. "पोरगी खंय?"

"येणार नाही."

"म्हणजे? जूनमध्ये कबूल झालीस तू."

"झाले होते. ते चुकलं. ती घरून शिकेल. बस आहे."

"बसचे पैसे कोण देणार?"

"मी."

वहिनी पाहुण्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "हेच ते. पोरासारखं पोसा, आणि वेळेला हे असं. आमच्याच ताटात जेवलेली."

"तुमच्या ताटात नाही," मी म्हणाले. "माझं जर्मनचं ताट होतं. दगडावर पालथं असायचं. तुमची ताटं मी घासली, तेरा वर्षं."

माझा आवाज मोठा नव्हता. मला मोठ्याने बोलता येत नाही. पण सगळे जवळच बसले होते, त्यामुळे त्यांनी ऐकलं. पाहुण्यांतली एक बाई खाली बघायला लागली. मी खाटेजवळ गेले. काकी लहान झाली होती. डोळे मात्र तेच.

"काकी, माझ्या बापाने काकांकडून सहाशे घेतले होते. पोत्यामागे शंभर कापायचं ठरलं होतं."

मला वाटलं, हिला आठवणार नाही. किंवा आठवत नाही म्हणेल.

"चार पोतीं हाडिल्लीं ताणें," काकी म्हणाली.

म्हणजे मोजली होती. तिला आकडा पाठ होता. इतकी वर्षं.

"मग मला विकून गेला म्हणून का सांगितलंत?"

"तूं सारकी फाटकाकडेन पळयताली," ती म्हणाली. "काम जायनासलें. कितें सांगपाचें?"

एवढंच कारण. काम होत नव्हतं.

मी तिच्यावर ओरडले नाही. ओरडायचं ठरवून आले नव्हते. माझी तेरा वर्षं तिच्याकडे आहेत, शाळा आहे, भाषा आहे. ते ती देऊ शकणार नाही आणि मी सोडणार नाही. हे मी तिला सांगितलं. ह्या घरात आमच्यातलं कोणी पुन्हा हाताखाली राहायला येणार नाही, हेही सांगितलं. लेक नाही, लेकीची लेक नाही. उपकार म्हणून नाही, नात्याचं नाव घेऊन नाही, शिक्षणाचं आमिष दाखवून तर मुळीच नाही. आणि कोणी विचारलं तर माझ्या बापाचं नाव आणि जात मी सांगणार. पाहुण्यांकडे वळून मी ती दोन्ही सांगितली. बाप ऐकायला नाही, ते मला ठाऊक आहे. त्याने त्याचं काही भलं होत नाही. अंगणाकडे नजर गेली तर तो अजून तिथेच उभा होता. तो तसाच राहील, मी मरेपर्यंत. मी ते मान्य केलं आहे.

मग पदराच्या गाठीतून शंभराच्या दोन नोटा काढल्या. कारखान्यातल्या माझ्या मजुरीच्या.

दादा म्हणाला, "ए, ठेव ते. कोणी मागितले? आम्हाला काय भीक लागली?"

"तुमच्यासाठी नाही. त्याने शब्द दिला होता."

"ठेव म्हणतो ना—"

"घे रे," काकी खाटेवरून म्हणाली. "तिच्या बापायचे ते." पण तो घेईना, तेव्हा तिनेच हात पुढे केला. हातावर नुसतं कातडं उरलं होतं. मी एक नोट ठेवली, मग दुसरी. तिने बोटांनी चाचपून दोन आहेत ते बघितलं आणि मूठ मिटली.

"फिटले?" मी विचारलं.

"फिटले," काकी म्हणाली.

"सगळे?"

"सगळे."